दावं विकलं नव्हतं

माझा बैल माझ्या माघारी विकला. विकला तो विकला, वर फोनवर निरोप टाकला की तुझ्या वाट्याला तीन हजार मोहरा आल्या आहेत, पुढच्या रविवारी लिहून घे. शाळेच्या मधल्या सुट्टीत मी तो निरोप वाचला आणि पोळीचा घास तोंडात तसाच राहिला. शेजारच्या बाईंनी विचारलं, काय झालं, कुणी गेलं का? मी म्हटलं, बैल गेला. त्या बिचाऱ्या हळहळल्या. म्हणाल्या, विमा काढला होता का?

हा बैल खरा नव्हता हे आधीच सांगते, नाहीतर तुम्हीही हळहळाल आणि मग मला शिव्या द्याल. मुठीत मावेल एवढा पितळी बैल, आणि तोही नुसता कागदावर. आम्ही चौघं दर रविवारी एक खेळ खेळतो. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. समोर दार आहे, आत कुणीतरी गुरगुरतंय, उघडता की पळता, असं तो विचारतो आणि आपण काय करतो ते सांगायचं. जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. राक्षस असतात, भुयारं असतात, जादूच्या वस्तू असतात. माझ्या वयाच्या बायका भिशी लावतात, मी भुतं मारते. यजमानांनी सुरुवातीला कपाळाला हात लावला होता, आता रविवारी सकाळी आपणहून विचारतात, आज कोण मरणार.

गोष्ट सांगणारे सर धुळ्याला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात आणि रविवारी सकाळच्या एसटीनं जळगावला येतात. माझा धाकटा भाऊ त्यांचा जुना विद्यार्थी. तो शिंदखेड्याजवळच्या आमच्या गावी शेती करतो, पहाटेची गाडी धरून अमळनेरमार्गे येतो. तिसरा त्याचा कॉलेजातला मित्र, त्याला आम्ही शेठ म्हणतो. त्याचे पणजोबा राजस्थानातून जळगावात आले आणि कापडाचं दुकान टाकलं, ते अजून चालू आहे. रविवारी दुकान बंद असतं, म्हणून वरच्या मजल्यावर, साड्यांच्या थप्प्यांमध्ये, पांढऱ्या गादीवर आमचा खेळ. आणि चौथी मी. यावल तालुक्यात एका शाळेत भूगोल शिकवते. त्या जगाचा नकाशा मी काढलाय, नद्यांसकट. सर नदीला डोंगर चढवायला निघाले होते, मी हात धरला.

आणखी एक कागद इथेच सांगून ठेवते. आबा, म्हणजे आमचे वडील, जाऊन दोन वर्षं झाली. माय त्यांच्या आधीच गेली. मागे आम्ही दोघंच, आणि आबांची गावची जमीन दोघांच्या नावावर लागली. बैल विकला जायच्या आदल्या रविवारी खेळ संपल्यावर भावानं माझ्या पर्समध्ये एक पाकीट सरकवलं. हक्कसोडपत्र. बहिणीनं आपला हिस्सा भावाला सोडला, असं लिहिलेला कागद. आमच्याकडे बहिणी ही सही करतात. भाऊ साडी घेतो, जेवू घालतो, आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी बोलावणं येत राहतं. ज्या करत नाहीत त्यांचं बोलावणं थांबतं, हे कुणी बोलून दाखवत नाही पण गावात सगळ्यांना माहीत असतं. मीही करणारच होते. शिंदखेड्याच्या कचेरीत जायचा गुरुवार ठरला होता, महिना राहिला होता. वाचून घे म्हणाला. मी वाचला नाही. माझ्याच भावाचा कागद, वाचायचा काय?

आता बैल.

तो मला कसा मिळाला ते ऐका, म्हणजे माझ्या अंगाचा तिळपापड का झाला ते कळेल. गोष्टीत एक कोरडी विहीर होती. तळाशी एक म्हातारी बसलेली. तिच्याकडे हा पितळी बैल. कुठल्याही विहिरीचं पाणी दाखवून हाक मारली की तो खराखुरा बैल होतो, तिघांना पाठीवर घेतो, नदी तुडवतो, आग तुडवतो. शेठनं लगेच विचारलं, किती मोहरा? म्हातारी मोहरा नको म्हणाली. ती माझ्या पात्राकडे बघून म्हणाली, तुझ्या गावची वाट मला दे. म्हणजे काय, तर ती बाई जगात कुठेही जाईल, पण आपलं गाव तिला पुन्हा कधी सापडणार नाही. सरांनी मला आठवडाभर विचार करायला दिला. मी खरंच आठवडाभर केला. बसमध्ये दोन्ही बाजूंना केळीच्या बागा पळत होत्या आणि मी त्या नसलेल्या गावाचा विचार करत होते.

पुढच्या रविवारी मी खोडरबर घेऊन गेले आणि मी स्वतः काढलेल्या नकाशावरून ते गाव पुसलं. बारीक अक्षरात नाव लिहिलं होतं, ओढा काढला होता, एक पिंपळ काढला होता. सगळं पुसलं. रबराची भुकटी शेठच्या पांढऱ्या गादीवर पडली, ती मी फुंकून टाकली. मग सर म्हणाले, बैल तुमचा. माझं पात्र त्या क्षणी सगळ्यात गरीब होतं आणि मला इतका आनंद झाला होता की मी सगळ्यांना समोरच्या गाडीवरून रसवंतीचा रस पाजला.

बैल मिळाल्यावर मी पहिलं काम केलं ते दावं वळायचं. सर म्हणाले, मॅडम, दोराची गरज नाही, तो जादूचा आहे. मी म्हटलं, असेल जादूचा, बैल आहे ना? मग दावं लागतं. दोन संध्याकाळी शेकोटीशी बसून माझ्या पात्रानं ते वळलं, हिरवा दोरा, लाल दोरा, सात कवड्या. पात्राच्या कागदावर बैलाच्या खाली वेगळ्या ओळीत लिहिलं. भाऊ हसला. म्हणाला, अक्का, तू अगदी आबाच.

त्या खेळाचं एक जाडजूड पुस्तक आहे आणि त्यात जादूच्या वस्तूंचे भाव दिलेत. माझा पहिल्यापासून त्या पानांवर राग. उडता गालिचा इतक्या मोहरा, अदृश्य करणारी अंगठी इतक्या मोहरा, विकायला गेलात तर निम्म्या. अरे, जी अंगठी मिळवायला एका माणसानं आपला डोळा दिला, ती काय वांग्याच्या ढिगातली आहे की घ्या, उलटी करून बघा आणि परत ठेवा? पण भावाला ते फार आवडायचं. त्याच्या हट्टानं सरांनी गोष्टीतल्या मोठ्या शहरात एक गल्लीच वसवली. तिथे गालिचे सतरंजीसारखे गुंडाळून उभे, जादूच्या तलवारी छत्र्यांसारख्या पिंपात खोचलेल्या. सरांना विनोद सुचला म्हणून त्यांनी शेठच्या दुकानातली पाटी तिथे लावली, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. सगळे हसले, मीही हसले. तेव्हा आपलं काय जातं.

भावाशी माझे यावरून वाद व्हायचे. तो म्हणायचा, अक्का, वापरत नाही ते विकावं, पडून राहून काय उपयोग? मी म्हणायचे, विकायचीच असेल तर ज्यानं मिळवली त्यानं विकावी. तो म्हणायचा, आपण एकाच टोळीतले ना, माझं तुझं काय त्यात? हे वाक्य तो फार गोड बोलतो. लहानपणी माझ्या वाटचा आंबा खाताना हेच म्हणायचा.

तर तो रविवार. मतदारयादीच्या कामाला आम्हा मास्तरांनाच जुंपतात. त्या रविवारी यावलला दारोदार फिरत होते, कोण मेलं, कोण परगावी गेलं, कोण नांदायला गेलं, विचारत. नांदायला गेलेल्या मुलींची नावं काढून टाकायची होती. एका दारात म्हातारा म्हणाला, बाई, काढा तिचं, ती आता इथली नाही. मी काढलं. त्याच वेळी, नंतर हिशेब लावला तर अगदी त्याच सुमारास, जळगावात माझा बैल विकला जात होता.

सोमवारी तो निरोप वाचल्यावर मी शाळेच्या मागे चिंचेखाली जाऊन भावाला फोन लावला. तो शेतात होता, मागे मोटारीचा आवाज.

"बैल कुणी विकला?"

"अगं, मस्त भाव आला अक्का. नऊ हजार. सर सहापर्यंतच आले होते, मी ताणला. मला ते काळं चिलखत घ्यायचं होतं ना."

"मला विचारलं?"

"तू नाही थोडंच म्हणाली असतीस."

"सरांनी विचारलं असेल ना, बैलाची मालकीण कुठाय म्हणून?"

"विचारलं. मी सांगितलं, अक्काचा होकार आहे."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ते मी त्या चिंचेखाली अनुभवलं. विकला याचा एवढा राग नव्हता. माझा होकार आहे, असं तो सांगून मोकळा झाला होता. माझ्या तोंडातला शब्द, त्याच्या तोंडातून. मी फोन ठेवला आणि सातवीच्या वर्गावर गेले. त्या दिवशी पोरांना मान्सूनचे वारे असे काही शिकवले की मागचा बाकही गप्प होता.

पुढच्या रविवारी मी भरीत-पुरी केली नाही, हे पहिल्यांदाच झालं. शेठच्या घरी वांगं चालत नाही, त्यामुळे त्याचं काही अडलं नाही, पण सर आणि भाऊ माझ्या रिकाम्या हातांकडे बघत राहिले. मी बसले आणि म्हटलं, खेळ नंतर, आधी माझा बैल.

सर मवाळ माणूस. म्हणाले, "मॅडम, नियम असा आहे की खेळाडू नसेल तर त्याचं पात्र सोबत्यानं चालवायचं."

"चालवायचं, सर. विकायचं नाही. उद्या मी आजारी पडले तर माझं लग्न लावून द्याल?"

"पण तुमचे सख्खे भाऊच सांगत होते की होकार आहे."

"सख्खा आहे म्हणून फोन करता येत नाही का त्याला?"

इतका वेळ शेठ थप्पीला टेकून गप्प होता. खरं सांगायचं तर माझा संशय त्याच्यावर होता. दुकानदार माणूस, त्यानंच भरीला घातलं असेल, असं मी आठवडाभर मनात धरून बसले होते. तो म्हणाला, "ताई, मी म्हटलं होतं फोन लावा. दोनदा म्हटलं. आमच्याकडे कुणी गिऱ्हाईक पिशवी विसरून गेलं तर ती पिशवी वर्ष वर्ष फळीवर राहते. आत काय आहे ते बघतसुद्धा नाही आम्ही. माझे तीन हजार मी लिहून घेतले नाहीत, हा बघा माझा कागद." त्यानं कागद पुढे केला. खरंच तिथे काही नव्हतं. मला माझीच लाज वाटली आणि लाज वाटली म्हणून राग आणखी वाढला, तो सगळा भावाकडे गेला.

भाऊ म्हणाला, "अक्का, झालं ते झालं. पाटी वाचलीय ना तू? विकलेला माल परत घेत नाहीत. तूच हसली होतीस."

त्यावर मी माझा कागद उघडून गादीवर ठेवला आणि बोट ठेवून सरांना विचारलं, "सर, सौद्यात काय काय विकलं?"

"बैल."

"आणि दावं?"

 भाऊ म्हणाला, दावं गेलंच बैलाबरोबर, त्यात काय. मी म्हटलं, गेलं कसं? तू आबांचा मुलगा आहेस ना? आबा बाजारातून बैल विकून यायचे तेव्हा खांद्यावर काय असायचं?

इथे ज्यांनी बैलबाजार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे जनावर विकतात, पण दावं विकत नाहीत. सौदा ठरला, पैसे हातात आले की विकणारा आपलं दावं सोडून घेतो आणि घेणारा आपलं बांधतो. दाव्याबरोबर गोठ्याची बरकत जाते म्हणतात. आबा कधी बोलले नाहीत, पण बैल देऊन आले की ते दावं आतल्या खोलीत खुंटीला लावायचे आणि त्या रात्री जेवायचे नाहीत. विकणाऱ्यानं दावं दिलं तर घेणाराही घाबरतो, चोरीचं जनावर आहे की काय म्हणून.

सर धुळ्याचे असले तरी त्यांचं घराणं गावाकडचंच. ते माझ्या कागदावरची ती ओळ बराच वेळ बघत बसले. हिरवा दोरा, लाल दोरा, सात कवड्या. मग त्यांनी भावाला विचारलं, "तू सौदा करताना दावं सोडून घेतलंस, असं म्हणालास?"

"नाही म्हणालो."

"दावं दिलं, असं म्हणालास?"

"ते पण नाही. सर, दावं कुणाच्या डोक्यात होतं?"

"माझ्या," मी म्हटलं.

सर पाणी प्यायले आणि गोष्ट सांगू लागले. ज्या व्यापाऱ्यानं बैल घेतला तो आठ दिवस त्याला हाका मारतोय. विहिरीचं पाणी दाखवतोय. बैल पितळेचा तो पितळेचाच. त्यानं रेशमी दोर आणला, चांदीची साखळी आणली. बैल ढिम्म. गिऱ्हाइकं हसायला लागली, तसा तो आपली पाटी काखेत मारून स्वतःच आमच्या धर्मशाळेच्या दारात आला आणि म्हणाला, माझे नऊ हजार परत करा, हे घ्या तुमचं भंगार. सर म्हणाले, मॅडम, बैलानं तुम्हाला ओळखलं का, फासा टाका. मी म्हटलं, सर, माझ्या बैलासाठी मी फासा टाकणार नाही. सरांनी मान हलवली आणि बैल माझ्या कागदावर परत लिहिला.

पैसे फेडायला भावाला चिलखत विकावं लागलं, तेही निम्म्या भावात, पुस्तकाच्या नियमानं. तो नियम त्याचा फार लाडका होता. तो फुगून बसला. निघताना जिन्यात मला म्हणाला, "एवढा तमाशा केलास. मी विचारलं असतं तर दिला असतास का बैल?"

"दिला असता," मी म्हटलं. "तू मागितलं आणि मी दिलं नाही असं कधी झालंय? पण विचारायचं होतंस."

"बरं. कानाला खडा," तो म्हणाला आणि हसला. मीही हसले. बैल परत आला होता, मला वाटलं विषय संपला.

घरी गेले, पर्समधून चष्मा काढताना ते पाकीट हाताला लागलं. कुणास ठाऊक का, पण त्या दिवशी मी ते उघडून वाचलं. सरकारी भाषा असते तशी होती. गट नंबर, चतुःसीमा. पूर्वेला ओढा. ओढा आहे खरा, त्यात मी पोहायला शिकले. आणि मग पुढे एक वाक्य होतं, की मी लिहून देणार हिने आपल्या राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दबावाविना, भावाच्या विनंतीवरून हक्क सोडला आहे. मी ते वाक्य चारदा वाचलं. भावाच्या विनंतीवरून. कोणती विनंती? त्यानं पाकीट पर्समध्ये सरकवलं होतं आणि वाचून घे म्हणाला होता. अक्काचा होकार आहे, हे इथे आधीच टाईप झालं होतं, खाली फक्त माझी सही राहिली होती.

तरीही मी सही करणारच होते. हे मी प्रामाणिकपणे सांगते. मला जमिनीत रस नव्हता, माझी नोकरी आहे, यजमानांची आहे. आखाजीला त्या घरी जावं, झोक्यावर बसावं, खापरावरचे मांडे खावेत, परतताना भावानं पिशवीत डाळ भरून द्यावी, एवढंच मला हवं होतं. ते जाऊ नये म्हणून मी काहीही सोडलं असतं. मला फक्त त्यानं एकदा विचारायला हवं होतं.

ठरलेल्या गुरुवारी मी रजा टाकून सकाळच्या गाडीनं गेले. भाऊ स्टेशनवर मोटारसायकल घेऊन उभा होता. आधी घरी नेलं. भावजय माहेरी गेली होती, त्यानं स्वतःच चहा केला. आतल्या खोलीत पेटीवर साडी ठेवली होती, शेठच्याच दुकानातली, पिशवी मी ओळखली. वर भिंतीवर आबांची दावी तशीच टांगलेली. मी मोजली नाहीत, पण प्रत्येक दाव्याचा बैल मला आठवत होता. एक फार मारका होता, त्याच्या दाव्याला आबांनी घुंगरू बांधलं होतं, आधीच कळावं म्हणून.

भाऊ घड्याळ बघत होता. म्हणाला, चल अक्का, साहेब अकराला बसतात, नंतर गर्दी होते.

मी म्हटलं, "आधी विचार."

"काय विचारू?"

"या कागदात लिहिलंय, भावाच्या विनंतीवरून. तर कर विनंती."

तो हसला. घरात आम्ही अहिराणीतच बोलतो. "बठ्ठं ठरेल शे, अक्का." सगळं ठरलंय.

"कुणी ठरवलं? मला कुणी विचारलं?"

"अगं, हा काय खेळ आहे का?"

"खेळात शिकलास ना? कानाला खडा लावलास. मग इथे कशाला लाजतोस? विचार."

त्याच्या तोंडावरचं हसू गेलं. मला वाटतं त्याला खरंच कळत नव्हतं कसं विचारायचं. तो माझा लाडका भाऊ आहे, वाईट नाही. त्याला माझ्याकडे मागायची कधी वेळच आली नव्हती, सगळं आपसूक त्याच्या ताटात पडत आलं होतं आणि वाढणारी बहुतेक वेळा मीच होते. तो दाराशी उभा राहिला, गाडीची किल्ली या हातातून त्या हातात करत. मग खाली बघून, अगदी हळू, बारा वर्षांचा असताना बोलायचा तसा म्हणाला, "अक्का, तुना हिस्सा माले देशी का?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं. खरंच उघडलं. त्यानं विचारलं होतं, मला हवं होतं ते मिळालं होतं. आणि त्या क्षणी मला पहिल्यांदा जाणवलं की याचं उत्तर माझ्याकडे आहे, कुणी आधी लिहून ठेवलेलं नाही.

"नही," मी म्हणाले.

बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर गेला. 

"जिन्यात तर म्हणाली होतीस," भाऊ म्हणाला, "विचारलं असतंस तर दिला असता."

"बैल तोवर परत आला होता, भाऊ. तेव्हा दिला असता म्हणायला माझं काय जात होतं?"

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग भिंतीवरच्या दाव्यांकडे.  आखाजीला ये असंही म्हणाला नाही आणि येऊ नकोस असंही. पेटीवरची साडी मी उचलली नाही आणि त्यानंही पुढे केली नाही. कागद मी पाकिटात घालून पर्समध्ये ठेवला, बिनसहीचा. थोड्या वेळानं त्यानं किल्ली मुठीत धरली आणि म्हणाला, परतीची गाडी साडेअकराला आहे, चल, सोडतो.